रक्ताची साक्ष
काळा आजार : माणसाचा आणि कुत्र्याचा

‘रक्त तपासून घ्या’ हे शब्द आज घरोघरी ऐकू येतात. प्रयोगशाळेतील मुलगा सकाळी येऊन रक्त नेतो, सायंकाळी कागद हाती पडतो, आणि त्यावरील ‘पॉझिटिव्ह’ वा ‘निगेटिव्ह’ हा एकच शब्द वाचून प्रकरण निकालात निघाले असे आपण समजतो. या कागदावरील आपला विश्वास थेट परीक्षेच्या निकालपत्रकावरील विश्वासासारखा आहे. निकालपत्रके लिहिण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याला इतके ठाऊक असते, की जो प्रश्न विचारला गेला त्याचेच उत्तर त्या कागदात असते. न विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर आपण आपल्या मनाने त्यात वाचतो. रक्तचाचणीचेही तसेच आहे. आणि हे जितके स्पष्टपणे काळ्या आजाराच्या चाचण्यांच्या इतिहासात दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल. म्हणून आज तो विषय घेतला आहे.

विषयाला निमित्त मात्र एका कुत्र्याचे झाले. परिचयातील एका कुटुंबाने मुलीपाठोपाठ ऑस्ट्रेलियास जाण्याचे ठरविले. घरचा कुत्रा मागे ठेवणे कोणालाच मान्य नव्हते. तिकडील सरकारच्या अटींची यादी आली, तीत अलर्काच्या चाचणीसोबत ‘लीशमॅनिया’ नावाच्या जंतूसाठीही रक्तचाचणी मागितलेली होती. “हे काय नवीन?” असे गृहिणीने मला विचारले. नवीन काहीच नाही, हा आपल्याच देशातील जुना काळा आजार होय, असे मी सांगितल्यावर त्यांना मोठे नवल वाटले. बिहारमधील गरिबांचा रोग आणि आपला पांढराशुभ्र कुत्रा यांचा संबंध काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते.

लीशमॅनिया हा एकपेशीय जीव आहे. शास्त्रीय परिभाषेत आदिजीव. वाळूमाशी नावाची, डासाच्या जेमतेम तृतीयांश आकाराची, केसाळ आणि आवाज न करणारी माशी चावली असता तो शरीरात शिरतो. मातीच्या भिंतींच्या भेगा, दमट गोठे, शेणमातीची ओलसर जागा हे तिचे घर. (याच कुळातील माश्या चांदीपुरा विषाणूही पसरवितात. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी तो प्रथम सापडला, म्हणून त्याचे नाव तसे पडले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने लहान मुलांचे बळी घेतले, हे वडोदऱ्याच्या वाचकांस स्मरत असेल. तो रोग मात्र सर्वस्वी निराळा.) काळ्या आजारात ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, अंग वाळत जाते, रक्त कमी होते, कातडी काळवंडते आणि पोटात डावीकडे पानथरी वाढू लागते, ती कधी कधी बेंबीच्याही खाली उतरते. उपचार न मिळाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात.

आता या जंतूची खरी चलाखी पाहा. शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळून टाकण्यासाठी आपल्या रक्तात व अवयवांत भक्षक पेशींची फौज असते. लीशमॅनिया त्या भक्षक पेशींतच मुक्काम ठोकतो आणि तेथेच वाढतो. पहारेकऱ्याच्याच चौकीत दडून बसणाऱ्या चोराला शोधायचे कोठे? हिवतापाचा जंतू बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. काळ्या आजाराचा जंतू वाहत्या रक्तात इतका विरळ असतो, की तो तसा सहसा सापडत नाही. त्याची वस्ती पानथरीत, यकृतात आणि हाडांच्या मगजात.

त्याचा शोधही पानथरीतच लागला. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे तापाने खंगलेला एक सैनिक इंग्लंडमधील लष्करी रुग्णालयात १९०० साली मरण पावला. त्याच्या पानथरीत विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरला काही चमत्कारिक अंडाकृती कण दिसले. त्याने ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात चार्ल्स डोनोव्हन याला तेच कण आढळले. आधी मृतांच्या पानथरीत आणि मग जिवंत रुग्णाच्या. हा डोनोव्हन जन्माने कलकत्त्याचा. श्रेय कोणाचे यावर थोडा वाद झाला, तेव्हा हिवतापाच्या संशोधनामुळे कीर्ती पावलेल्या रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे जोडून जंतूचे बारसे केले : ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’. डॉक्टर मंडळी आजही त्या कणांना ‘एल. डी. बॉडीज’ म्हणतात.

तेव्हापासून निदानाची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे पानथरीत सुई घालून कणभर द्रव काढणे आणि तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. शंभर रुग्णांपैकी त्र्याण्णव ते नव्याण्णव जणांत ती जंतू दाखविते. हाडाच्या मगजाची तपासणी अधिक निर्धोक, परंतु तीत यशाचे प्रमाण बरेच कमी, त्रेपन्न ते शहाऐंशी. पण पानथरी म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज. सुई आत एक क्षणाहून अधिक राहता कामा नये. हात चुकला तर आतल्या आत रक्तस्राव होऊन रुग्ण प्राणास मुकतो. कुशल हातांतही हजारात एखाद्यावर असा प्रसंग येतो. जेथे रक्त देण्याची सोय नाही, शस्त्रक्रियेची सोय नाही, अशा तालुक्याच्या दवाखान्यात हे धाडस कोणी करावे? आणि रोग तर नेमका अशाच तालुक्यांचा.

म्हणून चोर सापडत नसेल तर त्याच्या पावलांचे ठसे पाहू, ही कल्पना पुढे आली. रोगजंतू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तात मोकळी फिरतात आणि शिरेतून घेतलेल्या चमचाभर रक्तातही सापडतात. काळ्या आजारात तर शरीर अशी प्रथिने बेसुमार तयार करते. या बेसुमारपणाचा फायदा प्रथम घेतला गेला तो कलकत्त्यात. ‘युरिया स्टिबामीन’ हे काळ्या आजारावरील औषध १९२० साली कॅम्पबेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत सिद्ध करणारे आणि त्यामुळे लक्षावधींचे प्राण वाचविणारे डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी रक्तरसात शुद्ध पाणी मिसळून त्यातील प्रथिनांचा साका पाहण्याची रीत काढली होती. त्या दशकाच्या आरंभीच कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेतील नेपियर यांनी ‘आल्डिहाइड चाचणी’ रूढ केली.

ही चाचणी इतकी सोपी होती, की आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही करता आली असती. रक्त गोठू द्यावयाचे, वर सुटलेला पिवळसर रक्तरस काचनळीत घ्यावयाचा आणि त्यात फॉर्मलिनचे एक-दोन थेंब टाकावयाचे. हे तेच फॉर्मलिन, ज्यात आपण बेडूक आणि साप जपून ठेवतो. काळा आजार असेल तर काही मिनिटांत तो रस थिजून उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा घट्ट आणि अपारदर्शक होतो. नळी उलटी केली तरी सांडत नाही. खर्च नाममात्र, यंत्र कोणतेच नको. साहजिकच बिहार-बंगालमधील दवाखान्यांत या नळीने अनेक दशके राज्य केले.

पण त्या नळीला आपण विचारीत काय होतो? ‘रक्तात हे प्रथिन फार वाढले आहे काय?’ एवढेच. काळ्या आजारात ते वाढते. पण यकृताच्या जुनाट विकारात, क्षयात, कुष्ठरोगात आणि मगजाच्या कर्करोगातही वाढू शकते. उलट काळा आजार होऊन दोन-तीन महिने लोटेपर्यंत ते पुरेसे वाढलेले नसते. म्हणजे जो रुग्ण लवकर आला त्याला नळी ‘काही नाही’ म्हणून परत पाठवी. आणि ज्याला भलताच रोग आहे त्याच्या हाती काळ्या आजाराचे निदान ठेवी. त्या निदानाचा अर्थ तेव्हा साधा नव्हता. पुढे जी औषधे प्रचारात होती ती अँटिमनी या धातूची. तीन-चार आठवडे रोज टोचावयाची, अंग ठणकवणारी, आणि एखाद्याच्या हृदयावर घाला घालणारी. ज्या मजुराला हा रोग नव्हताच त्याने महिनाभर ही शिक्षा भोगली आणि त्याचा खरा रोग तसाच वाढत राहिला, असे किती वेळा घडले असेल याची नोंद कोण ठेवणार? चाचणी स्वस्त असली म्हणजे तिची चूकही स्वस्त असते असे नाही.

मधल्या काळात रोगाने एक हुलकावणी दिली. हिवतापाविरुद्ध १९५० नंतर घरोघर डीडीटी फवारले गेले, त्यात वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, आणि १९७७ च्या सुमारास बिहारात तो पुन्हा उसळला. १९९२ साली देशात ७७,१०२ रुग्ण आणि १,४१९ मृत्यू सरकारी दप्तरात नोंदले गेले. प्रत्यक्षातील संख्या याहून कितीतरी मोठी असावी असे जाणकार सांगतात.

आता गरज होती ती नेमका प्रश्न विचारणाऱ्या चाचणीची. ‘प्रथिन वाढले काय’ हे नको. ‘याच जंतूविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड आहे काय’ हे हवे. अशी एक सुबक रीत १९८६ मध्ये अब्दल्ला एल हरिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडली. तीत प्रयोगशाळेत वाढविलेले, मारून निळे रंगविलेले लीशमॅनियाचे जंतूच वापरतात. रक्तरस दुप्पट-दुप्पट पातळ करीत जावयाचा, शंभरपट, दोनशेपट, चारशेपट, असा थेट लाखापर्यंत; आणि प्रत्येक खळग्यात तो निळा द्रव घालून रात्रभर ठेवावयाचा. रक्तात प्रतिपिंडे नसतील तर जंतू घरंगळत खळग्याच्या तळाशी एका टोकदार निळ्या ठिपक्यात जमतात. प्रतिपिंडे असतील तर ती जंतूंना एकमेकांशी गुंफतात आणि तळावर फिकट निळी चादर पसरते. कितव्या पातळीपर्यंत चादर टिकली, त्यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण ठरते. भूमितीय श्रेणी विद्यार्थ्यांना शिकविताना हे उदाहरण द्यावे असे मला नेहमी वाटते. थेट गुंफण-चाचणी म्हणता येईल अशी ही रीत उत्तम खरी. पण तिला प्रशिक्षित माणूस हवा, अठरा तासांचा अवधी हवा. दहा कोसांवरून खाटेवर घालून आणलेल्या रुग्णाला ‘उद्या या’ म्हणणे म्हणजे बहुधा ‘येऊ नका’ म्हणणेच होय.

यापुढचे पाऊल मात्र खरोखर मोठे ठरले. १९९३ साली अमेरिकेतील संशोधकांनी ब्राझीलमधील लीशमॅनियाच्या एका प्रथिनाचा असा तुकडा ओळखला, की ज्यात ३९ अमिनो आम्लांची एकच साखळी पुन्हा पुन्हा येते. काळ्या आजाराच्या रुग्णाचे शरीर नेमके या तुकड्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार करते. तो तुकडा कृत्रिम रीतीने बनवून कागदी पट्टीवर एका रेषेत बसविला, की झाली ‘आरके-३९’ची पट्टी. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीच्या टोकाला लावावयाचा, वर दोन-तीन थेंब द्रावण टाकावयाचे आणि दहा मिनिटे थांबावयाचे. एक लाल रेष उमटली तर पट्टी चांगली आहे इतकाच अर्थ. दोन उमटल्या तर प्रतिपिंडे आहेत. एकही न उमटली तर पट्टीच निकामी. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे डॉक्टर श्याम सुंदर यांनी सहकाऱ्यांसह ही पट्टी भारतीय रुग्णांवर तपासून १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि तपासणीचे काम प्रयोगशाळेतून उठून खेड्यातील आरोग्य केंद्राच्या ओसरीवर आले. ब्राझीलमधील जंतूचा तुकडा, आणि त्याच्या आधारे निदान मुझफ्फरपूरच्या मजुराचे!

आपल्या उपखंडात ही पट्टी शंभरातील सुमारे सत्त्याण्णव रुग्ण ओळखते. हीच पट्टी सुदान-इथिओपियाकडे नेली तर पंचाऐंशीच्या आसपास येते. तेथील माणसांच्या शरीराचा प्रतिसाद आणि तेथील जंतू दोन्ही थोडे निराळे. म्हणून तिकडे पट्टी कोरी आली तरी संशय असल्यास निळ्या जंतूंची जुनी चाचणीही करतात.

इतकी गुणी पट्टी, तरी तिला विचारलेला प्रश्न विसरता कामा नये. तिला आपण विचारतो, ‘या शरीराने या जंतूशी कधी झुंज घेतली आहे काय?’ ‘आज हा माणूस आजारी आहे काय’ हे तिला विचारलेलेच नाही. काळा आजार बरा झाल्यावरही ही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहतात. पाच वर्षांपूर्वी बरा झालेला माणूस साध्या तापाने दवाखान्यात आला आणि पट्टीवर दोन रेषा उमटल्या, तर रोग उलटला असे त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी पुन्हा पानथरीचा वा मगजाचा आधार घ्यावा लागतो. रोगाच्या टापूत असेही पुष्कळ लोक असतात, की ज्यांना माशी चावली, जंतू शिरला, शरीराने त्याला दाबून टाकले, आणि एक दिवसही ताप आला नाही. त्यांच्याही पट्टीवर दुसरी रेष उमटू शकते. त्यांना औषध देण्याचे काहीच कारण नाही. याच्या उलट एड्सच्या विषाणूने ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्यांच्या शरीराला प्रतिपिंडे करण्याचे बळच उरत नाही. जंतूंनी अंग भरलेले असूनही पट्टी कोरी राहू शकते. तेथे जंतूचे अनुवांशिक द्रव्य शोधणारी ‘पीसीआर’ चाचणी कामी येते, पण ती मोठ्या प्रयोगशाळेची मिरास.

बऱ्या झालेल्यांपैकी काहींच्या अंगावर एक-दोन वर्षांनी फिकट चट्टे वा गाठी उठतात. ब्रह्मचारींनीच १९२२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अशा माणसाला ताप नसतो, काम चालू असते, आणि त्याच्या कातडीतून वाळूमाशी पुन्हा जंतू उचलते. पुष्कळदा हे चट्टे कुष्ठरोगाचे समजून भलतेच औषध चालू राहते. येथे रक्तातील प्रतिपिंडांची साक्ष अपुरी. ती जुन्या आजाराबद्दल बोलते की नव्या चट्ट्यांबद्दल, हे कसे कळणार? कातडीचाच कण तपासावा लागतो.

आता कुत्र्याकडे वळू.

भारतातील काळा आजार माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून माणसाकडे असा फिरतो. कुत्र्याचा त्यात हात नाही. पण भूमध्य समुद्राच्या काठचे देश, पोर्तुगाल, आणि तिकडे ब्राझील येथे याच जंतूचा चुलतभाऊ ‘लीशमॅनिया इन्फॅन्टम’ राहतो. १९०८ साली ट्युनिस येथे शार्ल निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्याला तो कुत्र्यांत सापडला. तेथील मुलांना होणाऱ्या आजाराचे कोठार अंगणातच बांधलेले आहे, हे तेव्हा उमगले. कुत्र्याला रोग झाला की डोळ्यांभोवतीचे केस झडतात, कोंडा पडतो, नखे वेडीवाकडी वाढतात, नाकातून रक्त येते, अंग सुकते आणि शेवटी बहुधा मूत्रपिंडे निकामी होऊन तो मरतो. परंतु कितीतरी कुत्रे जंतू बाळगूनही वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात, आणि त्यांपैकी काहींकडून माशी जंतू उचलू शकते.

ब्राझीलमध्ये १९६३ च्या एका सरकारी हुकुमाने रोगी कुत्र्यांना मारण्याची तरतूद झाली. मोहिमेत घरोघरच्या कुत्र्यांचे रक्त घ्यावयाचे आणि ज्याच्या रक्तात प्रतिपिंडे त्याला न्यावयाचे. येथे चाचणीच्या चुकीची किंमत एकदम निराळी झाली. माणसाच्या बाबतीत चूक झाली तर नको ते औषध. कुत्र्याच्या बाबतीत थेट मृत्युदंड, आणि त्यावर अपील नाही. शिवाय दक्षिण अमेरिकेत ‘शागास’ रोगाचा जंतू, जो लीशमॅनियाचा नातेवाईकच, तोही कुत्र्यांत असतो. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे चाचणीला फसवितात. पुढे कुत्र्यांसाठी लस निघाली, तर लस टोचलेला निरोगी कुत्राही काही चाचण्यांत दोषी ठरू लागला. मालकाने पदरमोड करून लस टोचावी आणि त्याच लशीने कुत्र्याविरुद्ध साक्ष द्यावी, असा तो प्रकार. पुढे २०१२ च्या सुमारास तेथील सरकारने रीत बदलली. आधी जागच्या जागी झटपट चाचणी आणि ती दोषी ठरवील तरच प्रयोगशाळेत ‘एलायझा’ नावाची दुसरी चाचणी. दोन्ही साक्षी जुळल्या तरच निर्णय. दोन साक्षीदार मागण्याची ही न्यायबुद्धी आधी सुचली असती, तर कित्येक निरपराध प्राणी वाचले असते. कुत्रे मारून माणसांतील रोग आटोक्यात आला, असेही ठामपणे सिद्ध झालेले नाही. एक कुत्रा नेला की मुलांच्या हट्टापायी घरात दुसरे पिलू येते, आणि ते कोवळे पिलू माशीला अधिकच सोयीचे. मी तर म्हणेन, की ही गोष्ट कोणत्याही गृहिणीने अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगितली असती.

युरोपात पशुवैद्य निराळ्या वाटेने जातात. तेथे कुत्र्याला मारीत नाहीत. औषधे देतात, आणि माशी जवळ येऊ नये म्हणून डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक भिनविलेला पट्टा गळ्यात बांधतात. तेथे चाचणीला नुसते ‘आहे की नाही’ विचारीत नाहीत; ‘किती’ हे विचारतात. लक्षणे दिसत आहेत आणि प्रतिपिंडांचे प्रमाण मर्यादेच्या तीन-चारपट आहे, तर निदान पक्के. प्रमाण थोडेच आहे, तर गाठीतील वा मगजातील द्रव पाहावयाचा, पीसीआर करावयाची, किंवा काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावयाचे. कारण संसर्ग होऊन प्रतिपिंडे दिसू लागेपर्यंत कित्येक महिने जाऊ शकतात. सोबत रक्तातील प्रथिनांचा तोल आणि लघवीतून जाणारे प्रथिन हेही पाहतात, म्हणजे मूत्रपिंडांची स्थिती कळते. अगदी लहान पिलांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत ही चाचणी करून उपयोग नाही.

आपल्या वाचकांच्या घरी कुत्रा असेल तर त्यांनी यातून घाबरून जाण्याचे कारण नाही. इंदूर, बेळगाव वा हैदराबादच्या कुत्र्याचे नाक फुटले, तो सुकत चालला, तर आधी संशय घ्यावा तो गोचिडांमुळे होणाऱ्या तापांचा. ते आपल्याकडे सर्रास आढळतात आणि त्यांची लक्षणे पुष्कळशी अशीच असतात. पशुवैद्याकडे त्वरित न्यावे, एवढेच सांगणे. राजस्थानात बिकानेरच्या बाजूला या जंतूची तिसरी जात असून तिच्यामुळे कातडीवर न भरणारा व्रण होतो. तेथील कुत्र्यांतही ती आढळली आहे. त्या व्रणाच्या निदानाला रक्तातील प्रतिपिंडांचा उपयोग जवळजवळ नाही. व्रणाच्या काठाचा कण घेऊनच तो ओळखावा लागतो. एवढे सांगून हा भाग सोडतो.

माणसांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. काळ्या आजाराचा टापू म्हणजे बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातील ५४ जिल्हे. आपण त्या टापूत राहत नाही. पण त्या टापूतील माणसे आपल्या शहरांची घरे बांधतात, गिरण्या चालवितात, भाजी विकतात. सुट्टीत गावी जाऊन आलेल्या अशा एखाद्या मजुराला पंधरा दिवसांहून अधिक ताप असेल, हिवतापाची आणि विषमज्वराची औषधे लागू पडत नसतील, तर ‘तुझे गाव कोणते?’ हा प्रश्न डॉक्टरने विचारणे अत्यंत जरुरीचे असते. ज्या शहरात हा रोग नाही तेथील डॉक्टरांना तो सुचतच नाही, आणि न सुचलेल्या रोगाची चाचणी कोणी करीत नाही. अशा माणसाला दवाखान्यात नेण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर आली, तर त्याचे गाव आपणच आपण होऊन सांगावे.

भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी २००५ साली या रोगाच्या निर्मूलनाचा करार केला. भारतात तालुकावजा विभागात दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, ही कसोटी ठरली. गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांनी तापकरी शोधले, पट्टीने त्यांची तपासणी झाली आणि २०१४ नंतर एकाच दिवशी शिरेतून द्यावयाच्या औषधाने उपचार होऊ लागले. महिनाभराच्या इंजेक्शनांचा छळ संपला. २०२३ मध्ये बांगलादेशाच्या निर्मूलनावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले. तसा मान मिळविणारा तो जगातील पहिला देश. भारतातही त्या वर्षी रुग्णसंख्या सहाशेच्या आसपास उतरली.

आणि नेमकी येथेच एक नवी अडचण उभी राहते. ती आकड्यांची असल्यामुळे शिक्षकाला विशेष प्रिय. समजा, एक पट्टी शंभर रुग्णांतील सत्त्याण्णव ओळखते आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी पाच जणांना चुकून दोषी ठरविते. साथीच्या काळात हजार तापकऱ्यांची तपासणी केली आणि त्यांत तीनशेंना खरोखर काळा आजार असला, तर पट्टी त्यांपैकी २९१ जणांना पकडील आणि उरलेल्या सातशेंपैकी ३५ जणांवर खोटा आळ घेईल. दोन रेषा उमटलेल्या दहांपैकी नऊ जण खरे रुग्ण निघतील. आता रोग ओसरल्यावर तेच हजार तापकरी घ्या. त्यांत खरे रुग्ण तीनच आहेत. पट्टी ते तिन्ही पकडील. पण उरलेल्या ९९७ मध्ये सुमारे पन्नासांवर आळ घेईल. म्हणजे दोन रेषा उमटलेल्या त्रेपन्न माणसांत रोगी तीन! पट्टी तीच, तिचा गुण तोच, रक्त काढणारा हातही तोच. केवळ रोग विरळ झाला आणि तिच्या शब्दाचे वजन उतरले.

म्हणून निर्मूलनाच्या उंबरठ्यावर असलेल्या टापूसाठी पडताळणीची दुसरी चाचणी कोणती असावी, पट्टीनंतर पीसीआरचा आधार घ्यावा काय, जंतूच्या अंशाचा थेट शोध लघवीतून घेता येईल काय, यावर संशोधक झटत आहेत. तोवर आरोग्य केंद्रातील डॉक्टर एक जुनी शिस्त पाळतात. ताप दोन आठवड्यांहून अधिक आहे काय, हे ते आधी विचारतात. पूर्वी कधी काळा आजार झाला होता काय, हे विचारतात. मग रुग्णाला बाकावर उताणे निजवून, गुडघे दुमडावयास सांगून, त्याच्या डाव्या बरगडीखाली बोटे हलकेच दाबतात. श्वास घेताना वाढलेली पानथरी खाली येऊन बोटांना टेकली, तरच पट्टीची पुडी फोडावयाची.